एसेताची दोरी

"हा माझा नाहीये," कापडाच्या आतून लोसा पुटपुटली. "यात मी मावेन, आपली डुकरीण मावेल आणि तिची सगळी पिल्लं मावतील."

"हलू नकोस. टाचणी टोचेल."

"टोचू दे. निदान मी आत कुठे आहे ते तरी कळेल."

लिताराच्या ओठांत चार टाचण्या होत्या, त्यामुळे तिला ना हसता आलं ना ओरडता आलं. गुडघ्यांवर बसल्या बसल्याच ती मागे सरकली आणि तिने पोरीकडे नीट पाहिलं. पांढऱ्या झग्याचे खांदे अकरा वर्षांच्या लोसाच्या दंडांवर उतरले होते. कमरेची शिवण मांडीवर आली होती आणि घेर थेट चटईवर पसरला होता. झगा काही वाईट नव्हता. उलट फार देखणा बेतला होता, फक्त दुसऱ्याच कुणासाठी.

तेवीस वर्षं लितारा गावातल्या अर्ध्याअधिक पोरांचे पांढऱ्या रविवारचे, म्हणजे पोरांच्या सणाचे, पांढरे कपडे शिवत होती. शिवण तिला कुणी शिकवलं नव्हतं. लग्नाच्या वर्षी परदेशातल्या कुठल्याशा नातलगाने पाठवलेला एक झगा तिने टाका टाका उसवला, तुकडे चटईवर मांडले आणि पुन्हा जोडला. झालं तिचं शिक्षण. मापपट्टीशी तिचं कधी जमलं नाही. ती दोरी वापरायची. प्रत्येक पोराची एक दोरी. पहिली गाठ खांद्याची, मग छातीची, मग कंबर, मग गुडघा. पोर वाढलं की नवी गाठ मारायची, जुनी सोडायची नाही. अशा सगळ्या दोऱ्या शिवणयंत्राच्या वर, आडव्या वाशाला, ओळीने खिळ्यांवर टांगलेल्या असत.

लोसाच्या शेजारच्या खिळ्यावरची दोरी चार वर्षं जागची हलली नव्हती. काल कापड बेतताना लिताराचा हात आपसूक तिच्याकडे गेला होता. तिने मापं घेतली, कापड कापलं, दोरी परत जागेवर टांगली, आणि तिला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं.

"एसेताचा आहे हा," लोसा म्हणाली.

घरामागे बापाचा नारळ खवण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

घराला भिंती नव्हत्या. खांब होते, वर छप्पर होतं, आणि पावसात सोडायच्या विणलेल्या चटया वर गुंडाळलेल्या होत्या. अशा घरात हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू येतं, आणि ऐकू आलं नाही असं दाखवायला माणूस लहानपणीच शिकतो. थोरल्या लेकीचं ते नाव या घरात चार वर्षं कुणी घेतलं नव्हतं. बोलायचंच झालं तर 'तिकडची' म्हणायचं. 'तिकडचीचा फोन आला होता का?' एवढंच. आणि जे घडलं त्याला 'तो सोमवार' म्हणायचं, जणू सगळी चूक त्या वाराचीच.

खवण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. आधीपेक्षा जोरात.

"काढ तो," लितारा म्हणाली. "उद्या बोटीने शहरात, अपियाला जाऊन कापड आणते."

"इथल्या दुकानात मिळेल की."

"पांढरा रविवार चार दिवसांवर आलाय. आता या बेटावर पांढरा हातरुमाल मिळायचा नाही."

"आणि याचं काय करणार?" लोसाने झग्यातून डोकं बाहेर काढलं. "तिला देऊन टाक ना. ती तिथंच आहे. आणि कापलायस पण तिच्यासाठीच."

"तुला फार बोलायला यायला लागलंय."

"मग काय, सगळे गप्प बसतात म्हटल्यावर कुणीतरी बोलायला नको?"

लिताराने टाचण्या उशीत खोचल्या. दाबून जरा जास्तच खोल.

संध्याकाळी शंख वाजला तशी तिघं प्रार्थनेला बसली. आपेरामो, लिताराचा नवरा, मधल्या खांबाला पाठ टेकून बसायचा; ती त्याची जागा, त्याच्या बापाचीही तीच होती. तो चर्चचा कारभारी होता. अंगाने दांडगा, पण आवाज असा मऊ की गावात कुठेही गाणं सुरू व्हायचं तर सूर त्याच्याकडूनच घ्यायचे. पांढऱ्या रविवारी प्रत्येक पोर चर्चमध्ये उभं राहून बायबलातलं एक वचन पाठ म्हणतं. कुठलं म्हणायचं ते बाप ठरवतो. आपेरामोला त्याच्या बापाने ठरवून दिलं होतं, तेच त्याने एसेताला दिलं, आणि आता लोसाला. लेकरांनी आज्ञेत राहावं, अशा अर्थाचं.

"म्हण," तो म्हणाला.

लोसा चटईची एक काडी उकरत राहिली.

"पाठ नाही झालं?"

"झालंय. उलटंसुद्धा म्हणून दाखवते."

"मग?"

"बाबा, मला ते कळत नाही. आणि न कळता म्हटलं तर ते माझं कसं होईल? ते तुमचंच राहील ना?"

 लिताराची नजर शिवणयंत्राकडे गेली. तिथे तिची मोठी कात्री पडली होती, मुठीला लाल चिंधी गुंडाळलेली. त्या कात्रीने कागद कापायचा नाही, सुतळी कापायची नाही, आणि घरातल्या कुणी तिला हात लावायचा नाही, असा तिचा दंडक होता. लितारा बसल्या जागेवरून जराशी सरकली, हात लांब केला आणि कात्री ओढून आपल्या मांडीखाली घेतली.

 रस्त्यावरून कुणाची तरी मोटार गेली. शेजारच्या घरात गाणं सुरूही झालं होतं.

"मग तुला कुठलं म्हणायचंय?" आपेरामोने विचारलं.

लोसाची तयारी भांडायची होती, उत्तराची नव्हती. "मला... मला शोधावं लागेल."

"शोध. रविवारपर्यंत वेळ आहे."

आणि त्याने गाणं सुरू केलं. पहिल्याच ओळीला त्याचा सूर चिरकला. लिताराने तेवीस वर्षांच्या संसारात ते पहिल्यांदा ऐकलं.

सकाळी ती निघाली तेव्हा तो केळीच्या पानात बांधलेलं एक पुडकं घेऊन आला. आत कोकोच्या वड्या होत्या, त्याने स्वतः भाजून, कांडून थापलेल्या.

"वायोलाला दे," तो म्हणाला.

वायोला त्याची धाकटी बहीण. कोको प्यायली की तिच्या छातीत जळजळतं, हे त्याला ती सहा वर्षांची असल्यापासून माहीत होतं. लिताराने पुडकं टोपलीत ठेवलं. तो तिथेच घुटमळला.

"झगा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळ," तो म्हणाला. "बोटीत पाणी उडतं."

झगा आपण सोबत नेणार असल्याचं ती त्याला बोललीच नव्हती.

बस भरली होती, म्हणजे आमच्याकडे बस भरते तशी: आधी बाकं भरतात, मग बाकांवर बसलेल्यांच्या मांड्या. लिताराच्या मांडीवर शेजारच्या आळीतली मालिए येऊन बसली आणि बसल्या बसल्या अर्धी मागे वळली.

"कारभारीणबाई, ऐन आठवड्यात अपिया? कापड पुरलं नाही होय?"

"एक झगा चुकला."

"तुझा?" मालिए एवढ्याने हसली की दोघींचं बाक हललं. "मी नाही ऐकून घेणार. अगं, तुझी कात्री कधी चुकलीय का!"

तिच्या मनात काही नव्हतं. पण धक्क्यापर्यंतचा सगळा रस्ता ती बाई लिताराला जड झाली.

बोटीत लितारा उघड्यावर, मागच्या बाजूला बसली. बेट मागे जाताना बघायला तिला आवडायचं. त्यातून निघून गेलेल्यांना ते कसं दिसलं असेल ते कळायचं.

त्या वर्षी एसेता पंधराची होती. शाळेतल्या मैत्रिणीबरोबर ती शनिवारवाल्यांच्या, म्हणजे रविवारऐवजी शनिवार पाळणाऱ्या पंथाच्या, उपासनेला जायला लागली होती. आधी चोरून, मग सांगून. आपेरामो म्हणाला, माझ्या घरात राहायचं तर माझ्या देवासमोर बसायचं. एसेता म्हणाली, देव तोच आहे बाबा, वार वेगळा आहे. मग पांढरा रविवार आला. तिची पाळी आली तशी ती उभी राहिली, लिताराने शिवलेल्या झग्यात, कमरेपर्यंत सोडलेल्या केसांत, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "मला दिलेलं वचन मला पाठ आहे. पण ते माझ्या बाबांनी निवडलंय, मी नाही. म्हणून मी ते म्हणणार नाही." आणि खाली बसली. चर्चमधले विणलेले पंखे हलायचे थांबले. पाळकांनी छताकडे पाहिलं. कारभाऱ्याची पोर!

पण तो पांढरा रविवार होता. त्या दिवशी पोरांना ओरडायचं नाही. एरवी मोठे जेवतात आणि पोरं माशा वारतात. त्या दिवशी पोरं आधी बसतात आणि आईबाप वाढतात. आपेरामोने तिला वाढलं. नारळाच्या दुधातली अळूची पानं वाढली, डुक्कर वाढलं, शेवटी आइस्क्रीमही वाढलं, स्वतःच्या हाताने. आणि मग सोमवार उजाडला. सोमवारी एसेताचे केस कापले गेले. मानेपर्यंत, वेडेवाकडे. आमच्याकडे पोरीला गावासमोर खाली बघायला लावायचं तर असंच करतात.

तिसऱ्या दिवशी अपियाहून वायोला आली. ती भर अंगणात भावाला वाट्टेल ते बोलली आणि पोरीला घेऊन गेली. भावाने बहिणीचा शब्द मोडायचा नसतो, म्हणून आपेरामो मान खाली घालून उभा राहिला. एकदाही त्याने लिताराकडे पाहिलं नाही.

लितारा ही गोष्ट स्वतःला नेहमी इथपर्यंतच सांगायची. मग काहीतरी काम काढायची. आज बोटीत काम नव्हतं, म्हणून तिने टोपलीतलं पुडकं सोडून पुन्हा बांधलं.

एसेता बाजारामागच्या एका बेकरीत काम करायची. काउंटरपलीकडे ती पाठमोरी उभी होती, तरी लिताराने मानेवरून ओळखलं. मान उघडी होती. चार वर्षांत केस पुन्हा कमरेपर्यंत आले असते. एसेता ते वाढूच देत नव्हती. दर महिन्याला कापून घ्यायची, पोरांसारखे.

"आई! सांगून नाही का यायचं? पिठाने माखलेय मी नुसती."

"जन्मलीस तेव्हाही माखलेलीच होतीस."

चार वर्षांत ही तिसरी भेट. एरवी दर शनिवारी फोन यायचा, आपेरामो मळ्यात गेला असेल तेव्हा. त्या फोनवर पाव कसा फुगतो इथपासून लोसाला कुठला दात आला इथपर्यंत सगळं असायचं, फक्त एक माणूस नसायचा.

मागच्या खोलीत पिठाची पोती रचलेली होती आणि जाळीच्या खिडकीतून ऊन येत होतं. एसेताने पुडकं उघडून वास घेतला आणि लगेच बंद केलं.

"आत्याला दे म्हणाले," लितारा म्हणाली.

"आत्या कोको पीत नाही."

"माहितीय त्यांना."

 एसेताने पुडकं पोत्यावर न टाकता खिडकीत, सावलीत ठेवलं. मग झगा उलगडला. "हा काय, लोसाचा?"

"तुझ्या दोरीने बेतला गेला. चुकून."

"चुकून?"

"चुकूनच गं. आता घालून तरी बघ."

झगा खांद्यांत ताणला जात होता आणि गुडघ्यांच्या बराच वर राहत होता. दोरीतली एसेता पंधराची होती. ही एकोणीस वर्षांची, परातीभर कणीक उचलणारी होती.

"होईल," लितारा म्हणाली. "शिवणीच्या आत कापड ठेवलंय मी, सुटेल. खाली पट्टी लावू. सरळ उभी राहा."

ती गुडघ्यांवर बसली. टाचण्या ओठांत धरल्या आणि घेर खाली ओढायला लागली. टाचण्यांच्या फटीतून तिने विचारलं, "शनिवारी जातेस ना गं, तुमच्या उपासनेला?"

"कधी जाते, कधी नाही. कधी कुठेच जात नाही. झोपते."

"एवढं सगळं करून झोपतेस?"

एसेता हसली. ते हसू लोसाचंच होतं, नुसतं जरा वापरलेलं. "शनिवार की रविवार हे भांडणच नव्हतं आई. मला कुणी विचारलं नव्हतं. तेवढंच होतं."

"काल बाबांनी लोसाला विचारलं." लिताराने पहिली टाचणी लावली. "तिला म्हणाले, तुला कुठलं वचन म्हणायचंय? मी तिथंच बसले होते."



"चांगलं झालं," एसेता म्हणाली. "खरंच. लोसासाठी चांगलं झालं." आणि मग, "मला आइस्क्रीम वाढलं होतं त्यांनी, आठवतंय? आधी मला, मग बाकीच्यांना. मला वाटलं, संपलं. रात्री मी इतकी शांत झोपले ना आई. सकाळी उठून चटया पण मीच गोळा केल्या."

"रविवारी ये," लितारा म्हणाली. "सकाळच्या बोटीने ये. झगा तोवर होईल."

"तुझ्यासाठी येईन. लोसासाठी पोहत येईन. पण त्यांच्या हातचं वाढून नाही घेणार. आत्या म्हणते, म्हातारा होत चाललाय, सोड. कसं सोडू? विचार न करता कात्री उचलली त्यांनी. माझ्यावर. मला काही दिसत नव्हतं, मान खाली धरलेली. फक्त त्यांचे पाय दिसत होते. आणि एक आवाज आला, सर्रकन. रस्त्याकडची चटई खाली सोडल्याचा." एसेताचा हात खाली आला आणि लिताराच्या डोक्यावर टेकला, आधारासाठी टेकावा तसा. "मला कळलं, आई आहे. लोकांनी बघू नये म्हणून आई चटई सोडतेय. त्या एका आवाजावर मी चार वर्षं फोन करतेय तुला."

लिताराच्या ओठांत तीन टाचण्या उरल्या होत्या. ओठांत टाचण्या असल्या की अवघड काही बोलावं लागत नाही. ही सोय तिने आयुष्यभर वापरली होती. आपेरामोने कुणालाच सांगितलं नव्हतं. बहिणीला नाही, पाळकांना नाही, रात्रीच्या प्रार्थनेत देवाला सांगितलं असेल तर तिला माहीत नाही. घरात तिला एका शब्दाने बोलला नव्हता. तो सांगणारही नव्हता. ती गप्प राहिली तर शनिवार येत राहणार होते, एकामागून एक, पावाच्या आणि दातांच्या गप्पांचे. आणि ती पोर त्या माणसाच्या हातचं कधीच वाढून घेणार नव्हती.

तिने एक टाचणी काढून घेरात लावली. मग दुसरी. मग तिसरी, सावकाश, सरळ रेषेत. आता ओठ मोकळे झाले.

"हलू नकोस," ती म्हणाली. एसेता हललीच नव्हती.

"तुझे बाबा नुसते उभे होते गं. तुला खाली बसवलं, मानेवर हात ठेवला, आणि मग काय करावं ते त्यांना सुचेना. राग रविवारीच उतरला होता त्यांचा. दुसरा हात नुसता लोंबत होता. रस्त्यावर बायका थांबल्या होत्या. मालिए होती, पाळकांची बायको होती. मला वाटलं, आता यांनी काही केलं नाही तर उद्यापासून मला त्यांच्यात बसता येणार नाही. म्हणून मी उठले. चटई सोडली. मग यंत्रावरची कात्री उचलली. त्यांनी मागितली नव्हती, एसेता. मी त्यांच्या हातात दिली."